पहिलं जेवण आमच्याकडे

१

लखनौला नव्याने बदलून आलेल्या मराठी माणसाचं पहिलं जेवण इथल्या मराठी मंडळातल्या कुणाच्या तरी घरी व्हायचं, ही आमच्याकडची जुनी पद्धत. सामान अजून ट्रकमध्ये असतं, गॅसचा पत्ता नसतो, रस्ता विचारावा तर लोक "बस, यहीं आगे" म्हणून दोन कोस चालवतात. अशा वेळी कुणीतरी "वरणभात तयार आहे, या" म्हटलं की परकं गाव जरा सैल होतं. आमचं पहिलं जेवण वृंदावन योजना या वसाहतीत सदाशिवकाकांकडे झालं होतं. काका मंडळाचे अध्यक्ष, केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त होऊन इथेच राहिलेले.

मी, चारुलता, औषध संशोधन संस्थेत आहे. एखाद्या औषधाने उंदराच्या यकृताचं काय होतं ते पाहणं हे माझं काम, आणि मला ते आवडतं, कारण उंदीर वाद घालत नाहीत. नवरा विश्वास रेल्वेत इंजिनियर, महिन्यातले निम्मे दिवस दौऱ्यावर. मुलगी वेदिका, हे सगळं घडलं तेव्हा तिसरीत होती. तिला मराठी सगळं समजायचं. उत्तर मात्र हिंदीत. आमचं घर जानकीपुरम विस्तार या नव्या वसाहतीत, जिथे तेव्हा अर्ध्या प्लॉटांवर घरं होती आणि उरलेल्यांवर मोहरी.

२००८ मध्ये काकांच्या मनात आलं की मंडळाची वेबसाइट हवी. "तू शास्त्रज्ञ आहेस" एवढ्या आधारावर ती माझ्या गळ्यात पडली. चिनहटच्या एका कंपनीत कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या अनुपने ती बांधून दिली आणि नाव ठेवलं 'लखनौ कट्टा'. सभासद व्हा, लिहा, दुसऱ्यांचं वाचा. गोडा मसाला कुठे मिळतो, पुण्याहून कोण येतंय, कोकम आणेल का, आणि पाककृती, पाककृती, पाककृती. सकाळी चहा घेता घेता मी आतल्या खोलीत कॉम्प्युटर लावायचे, भांडणं मिटवायचे, आणि मग उंदरांकडे जायचे. दिवसातला तो माझा सगळ्यात आवडता वेळ होता.

२

पुढच्या हिवाळ्यात मधुसूदन नावाचे सभासद आले. आडनाव नाही, गाव नाही. मराठी मात्र जुन्या वळणाचं, शुद्ध, आमच्या मंडळातल्या तीन पिढ्यांत कुणाचं नसेल असं. कुणी पाककृती टाकली की खाली त्यांचा एकच प्रश्न.

"उरलंय का काही?"

आम्हाला गंमत वाटायची. मंडळातल्या हेमाने मटारच्या करंज्या लिहिल्या, खाली "उरलंय का काही?" कुणी साधी मुगाची खिचडी लिहिली, तरी तेच. एकटा जीव असेल बिचारा, डब्याचं खात असेल, असं म्हणून आम्ही हसायचो.

मग एक दिवस हेमाचा फोन आला. हेमा माझ्याच संस्थेतल्या सहकाऱ्याची बायको, आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहायची. घाबरट मुळीच नाही. एकदा तिने घरात शिरलेलं माकड केरसुणीने हाकललं होतं.

"चारू, त्या मधुसूदनने मला खाजगी निरोप पाठवलाय. वाचून दाखवते. 'काल तुमच्याकडे वाटीभर आमटी उरली होती. ती आपण मोरीत ओतलीत.'"

"मग?"

"मग काय मग? ओतली होती ग! ह्यांनासुद्धा माहीत नाही."

मी तिला समजावलं, की आमटी प्रत्येकाकडे उरते आणि प्रत्येकजण ती कधी ना कधी मोरीत ओततो. दहा बायकांना असा निरोप पाठवला तर सात जणी दचकतील. ज्योतिषी याच भांडवलावर जगतात. हेमा "अच्छा" म्हणाली, पण तिचा आवाज काही सरळ झाला नाही.

तरी बायकांना असले निरोप पाठवायचे म्हणजे काय? मी मधुसूदन यांना कट्ट्यावरून काढून टाकलं. एक बटण असतं. ते कारण विचारतं. मी लिहिलं, 'आगाऊपणा', आणि कामाला गेले.

३

दुसऱ्या दिवशी चंद्रकांत नावाचे नवे सभासद हजर. हेमाच्या करंज्यांखाली त्यांनी लिहिलं होतं, "उरलंय का काही?"

चंद्रकांतला काढलं. नरहर आले. नरहरला काढलं. मी अनुपला फोन केला.

"ताई, ये तो होता ही है," तो म्हणाला. "नाव बॅन केलं तर नवीन नाव घेणार, ईमेल बॅन केला तर नवीन ईमेल. माणसाला बॅन नाही करता येत, यार. फक्त दरवाजा बंद करता येतो."

"मग दरवाजे बंद कर ना सगळे!"

त्याने इमानाने केले. तो माणूस ज्या नंबरावरून इंटरनेटला येत होता तो नंबर अडवला. नंबर बदलला. मग त्या नंबरांचा अख्खा पट्टाच अडवला, आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या ऐन तोंडावर अर्ध्या जानकीपुरमला कट्टा उघडेना. मीसुद्धा बाहेर. आमच्याच वेबसाइटने मला सांगितलं की तुम्हाला इथे येण्याची परवानगी नाही. बायकांनी फोन करून करून माझा जीव खाल्ला. शेवटी तो पट्टा सोडावा लागला, आणि त्याच दुपारी पंढरीनाथ आले.

मी इरेला पेटले. नवीन सभासदाला आधी सदाशिवकाकांनी फोन करायचा, बोलून खात्री पटली तरच आत घ्यायचं, असा नियम काढला. काकांनी आयुष्यभर मुलाखती घेतलेल्या; माणूस ओळखण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. पुढचा अर्ज विश्वनाथ नावाचा आला. काकांनी फोन केला आणि मला कळवलं, "घे आत. चांगले गृहस्थ आहेत."

तासाभरात त्या चांगल्या गृहस्थांनी एका शिऱ्याखाली विचारलं, उरलंय का काही.

"काका, काय बोललात तुम्ही त्यांच्याशी?"

"बोललो की. बराच वेळ बोललो." मग काका आठवू लागले. "काय बोललो बरं? आवाज... अगं, चांगले गृहस्थ आहेत. तुझ्याकडे जेवायला यायचं राहून गेलंय म्हणाले."

काकांना गेल्या पस्तीस वर्षांतल्या प्रत्येक साहेबाच्या सासुरवाडीचं नाव पाठ आहे. त्या माणसाचा आवाज जाड होता की बारीक, एवढंही त्यांना सांगता येईना. वय झालं, असं मी मनाशी म्हटलं. ते खरं वाटलं नाही.

४

त्याच आठवड्यात विश्वासचा दौऱ्यावरून, गोंडा स्टेशनवरून फोन आला. भर दुपार, पण धुकं इतकं की दिवे लावलेले. मी रजेवर होते, वेदिका शाळेत.

इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तो म्हणाला, "कोण आलंय जेवायला?"

"कुणी नाही. मी एकटीच आहे."

"अच्छा? वाटी खरवडल्याचा आवाज येतोय. टीव्ही असेल."

टीव्ही बंद होता. फोन कानाला तसाच धरून मी ऐकलं. इन्व्हर्टरची घुरघुर होती. बाहेर भंगारवाला ओरडत गेला. बाकी काही नाही. "लाइनीत खरखर असेल," मी म्हटलं, आणि आम्ही वेदिकाच्या परीक्षेबद्दल बोलत राहिलो.

फोन ठेवून स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर सकाळची खीर वाटीत काढून ठेवली होती, वर ताटली झाकून. ताटली जागच्या जागी होती. उचलली, तर खाली वाटी रिकामी. नुसती रिकामी नाही. बोटाने पुसून घेतल्यासारखी लख्ख.

संध्याकाळी वेदिकाला विचारलं.

"नहीं मम्मी. मुझे तो खीर पसंद ही नहीं है."

हे खरं होतं. मग उंदीर, मी ठरवलं. शेजारी मोहरीचं शेत, थंडीचे दिवस, उंदीर येणारच. पण मी उंदरांबरोबर वीस वर्षं काढली आहेत. उंदीर झाकण परत ठेवत नाही.

रात्रभर मला झोप लागली नाही. मी घाबरले होते, आणि घाबरल्याचा मला राग आला होता. सकाळी कट्टा उघडला तर माझ्या नावे विश्वनाथांचा निरोप. "आपल्याकडे येणं लांबत चाललं आहे. क्षमा असावी. आपण इतक्या वेळा बोलावलंत."

५

"मी कुणाला बोलावलं?" मी अनुपवर ओरडले. तो बिचारा सुट्टीच्या दिवशी चिनहटहून मोटरसायकलवर आला होता, धुक्याने भुवया ओल्या. "एकदा तरी बोलावलंय का? मी त्याला हाकलतेय!"

अनुपने काहीतरी उघडलं, वाचलं, आणि माझ्याकडे बघायचं टाळलं.

"ताई, नवीन रजिस्ट्रेशन झालं की वेलकम मेल जातो. आपोआप. आपने ही लिखवाया था, शुरू में."

त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. मीच लिहिलं होतं, कट्टा निघाला त्या उत्साहात, चहा पिता पिता.

'नमस्कार! लखनौत आपलं मनापासून स्वागत. आपल्या मंडळाच्या रीतीप्रमाणे आपलं पहिलं जेवण आमच्याकडे. कुठल्याही रविवारी दुपारी या, आधी कळवायचीही गरज नाही. आमच्या विस्तारात घर सापडायला जरा अवघड आहे, पण काळजी नको; आमची वेदिका आपल्याला घ्यायला येईल आणि हात धरून घरापर्यंत आणेल.'

खाली पत्ता.

दर वेळी मी त्याला काढलं, दर वेळी तो नवं नाव घेऊन आला, आणि दर वेळी माझ्याच नावाने हे त्याच्याकडे गेलं. बाकी सभासद मंडळात आधीच जेवलेले. त्यांनी ते वाचून सोडून दिलं असणार. वेदिकाचं नाव पडद्यावर दिसत होतं. गंमत म्हणून लिहिलं होतं हो. सहा-सात वर्षांची होती ती, कुणी पाहुणा आला की कोपऱ्यापर्यंत पळत जायची.

मी विश्वनाथांनाही काढलं आणि तो स्वागताचा निरोप बंद करवला. नवे सभासद घेणंही बंद. त्यानंतर कट्ट्यावर एकही नवं नाव आलं नाही, आणि कोणत्याच पाककृतीखाली काही विचारलं गेलं नाही. मला बरं वाटायला हवं होतं. पण आता तो कुठल्या दाराशी आहे ते मला कळणार नव्हतं.

काकांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं हसतील.

"चारू, बोलावलंस ना तू?"

"काका, मशीनने बोलावलं."

"अक्षत कुणाच्याही हातून गेली तरी बोलावणं यजमानाचंच असतं. बोलावलेल्याला जेवू न घालता हाकललंस, तर तो ताटकळत राहणार. एकदा पान वाढ. पोटभर जेवू दे, विडा दे, आणि दाराबाहेर पोचव. मोकळी होशील."

एरवी मी यावर चांगलं तासभर भाषण दिलं असतं. पण काहीच लागू पडत नसेल तर डॉक्टर निरुपद्रवी साखरेची गोळी देऊनही पाहतात. तसंच समजायचं, मी म्हटलं. फक्त एक गोष्ट मी पक्की ठरवली. त्या दिवशी वेदिका घरात असणार नाही. ती घरातच नसेल, तर त्याला आणायला कोण जाणार?

६

रविवारी सकाळी वेदिकाला हेमाकडे सोडलं. "दिवसभर इथेच ठेव. बाहेर नको पाठवू, खेळायलासुद्धा नाही. मी घ्यायला येईन." हेमाने कारण विचारलं नाही. आमटीचा विषय आमच्यात पुन्हा कधी निघाला नव्हता, पण तिला काहीतरी कळलं असावं. विश्वास दौऱ्यावरच होता, आणि तो नाही याचं मला बरं वाटलं. त्याच्यासमोर हे करायची मला लाज वाटली असती.

स्वयंपाक नीट केला. वरणभात, बटाट्याची भाजी, मटारची उसळ, कोशिंबीर, शेवयांची खीर. पाट मांडला, भोवती रांगोळीची एक रेघ ओढली. पान वाढलं, तूप वाढलं, पाण्याचा तांब्या ठेवला. तबकात विडा. जाळीचं दार ओढून घेतलं होतं, पण कडी लावली नव्हती. बाहेर धुक्याने फाटकसुद्धा दिसत नव्हतं.

"बसा," मी म्हटलं. रिकाम्या खोलीत आपलाच आवाज फार मोठा वाटतो.

मी समोर बसले. भातातून वाफ येत होती. ती येईनाशी झाली. तुपाचा थर जमला. इन्व्हर्टर घुरघुरत होता. कुठलीही वाटी खरवडली गेली नाही, कुणी सुस्कारा टाकला नाही. मी पानाकडे बघत राहिले. एक शीत हललं नाही.

किती वेळ बसले कोण जाणे. हळूहळू मला हसू यायला लागलं. पीएचडी झालेली बाई, पाटाला रांगोळी काढून, थंड उसळीकडे टक लावून बसली आहे! खीर वेदिकानेच खाल्ली असेल आणि ओरडा बसेल म्हणून खोटं बोलली असेल. मुलं बोलतात. काकांचं वय झालंय. आमटी सगळ्यांचीच उरते. इतक्या दिवसांनी माझ्या छातीवरचं ओझं उतरलं, आणि मला कडकडून भूक लागली. वेदिकाला आणायचं आणि दोघींनी मिळून हेच गरम करून खायचं, असं ठरवून मी हेमाला फोन लावला.

७

"निघतेच आहे," मी म्हटलं. "जेवली का ग वेदू?"

"तिला वाढत होते, पण ती नको म्हणाली, घरीच जेवेन. पाहुण्यांबरोबर."

"कुठल्या पाहुण्यांबरोबर?"

"तुझ्या! तू पाठवलंस ना त्यांना? तुझं निमंत्रण होतं त्यांच्याकडे, वेदिकाचं नाव आहे त्यात. घर सापडेना म्हणाले. तर वेदूच उठली, 'चलिए, मैं ले चलती हूँ.' मी म्हटलं जा. दोन गल्ल्या तर आहेत."

"हेमा, तुला सांगितलं होतं मी. बाहेर पाठवू नकोस म्हणून."

"हो ग, पण..." ती अडखळली. माकडाला केरसुणीने हाकलणारी बाई. "चांगले गृहस्थ आहेत."

"दिसतात कसे? हेमा! कसे दिसतात?"

मग ती रडायलाच लागली. "चारू, मला आठवत का नाहीये?"

मी फोन टाकून दाराशी धावले आणि बाहेर जायच्याऐवजी कडी लावली. हात आपोआप गेला. इतके आठवडे मी दारं बंद करायचंच काम करत होते.

फाटक करकरलं. पायऱ्यांवर वेदिकाचे बूट वाजले. फक्त तिचेच.

"मम्मी, दरवाज़ा खोलो ना."

जाळीतून मला तिचा लाल स्वेटर दिसला. धुकं तिच्या पाठीमागे अगदी लागून होतं. तिचा उजवा हात वर उचललेला होता, मोठ्या माणसाचं बोट धरल्यावर लहान मुलांचा असतो तसा. त्या हाताच्या वर जुन्या, बटणं लावलेल्या कोटाची बाही होती, कोपरापर्यंत. त्याच्या वर मी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर दार उघडता आलं नसतं, हे मला तेव्हाच कळलं.

"वेदू," मी म्हटलं. "बेटा, हात सोड त्यांचा. हात सोड आणि माझ्याकडे ये."

"मैंने तो कब का छोड़ दिया, मम्मी."

तिच्या बोटांची पेरं पांढरी पडली होती. ती थंडीने कुडकुडत होती, आणि ओठ घट्ट मिटून रडू दाबत होती. घरी कुणी पाहुणे असले की रडायचं नाही, हे मीच तिला शिकवलं होतं.

"इनको बहुत भूख लगी है," ती म्हणाली. "जल्दी खोलो ना."

तो आत नको म्हणून मी आठवडेच्या आठवडे काय काय केलं. नावं अडवली, नंबर अडवले, अख्खं गाव अडवलं. हे एक दारही मला अडवता आलं असतं. कडी लोखंडी होती, मजबूत. पण त्या दाराबाहेर आता तो एकटा नव्हता, आणि माझी मुलगी गारठ्यात उभी होती.

मी कडी काढली, आणि दोघांनाही आत घेतलं.